गोपनीय खिरापत

"आजोबा, यंदा माझी खिरापत कोणालाही ओळखता आली नाही पाहिजे. कोणालाही म्हणजे कोणालाही," असं चौथीतल्या वल्लरीनं भर जेवणात जाहीर केलं आणि श्यामसुंदर बेहेरे यांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. नोकरीची शेवटची बरीच वर्षं त्यांनी एका सरकारी खात्याच्या गोपनीय शाखेत काढली होती. निवृत्त झाल्यापासून मात्र गोपनीय म्हणावं असं काही त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. गॅसचा सिलिंडर उतरवून घेणं, कुरिअरवाल्याला सही देणं, नातीला शाळेच्या बसपर्यंत पोचवणं ही सगळी उघड्यावरची कामं.

"ही बाब तू माझ्याकडे सोपव," ते गंभीरपणे म्हणाले.

"बाब नाही हो, खिरापत आहे ती," सुहासिनीबाई म्हणाल्या, "आणि भात निवतोय."

ज्यांच्या घरात लेकीबाळी नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. भोंडल्यात पाटावर हत्ती काढतात, त्याच्याभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात, हे सगळं खरं. पण मुलींचं निम्मं लक्ष असतं झाकलेल्या डब्याकडे. डबा कानाशी धरून हलवायचा, "गोड की तिखट?" विचारायचं आणि आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं तर जिच्या घरचा डबा तिचं नाक कापलं. नाही ओळखलं तर ती मुलगी वर्षभर मान ताठ ठेवून जिना चढायला मोकळी. कर्वेनगरातल्या 'शारदाकुंज' सोसायटीत नवरात्रात रोज एकीची पाळी असे, आणि गेल्या वर्षी वल्लरीचं नाक मुळापासून कापलं गेलं होतं.

तिचे आईबाबा, चैताली आणि आमोद, दोघंही हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत. नेमक्या भोंडल्याच्या दिवशी चैतालीच्या ऑफिसात कसलंसं काम अडलं. ती बिचारी कंपनीच्या बसमधून उतरून धावतपळत आली ती हातात बर्गरची कागदी पिशवी घेऊन. पिशवीवर दुकानाचं नाव होतं, आणि निरक्षरांची अडचण होऊ नये म्हणून खाली बर्गरचं चित्रही होतं. तळमजल्यावरच्या यमुनाबाईंची नात अक्षता लांबूनच ओरडली, "बर्गर!" हत्ती अजून पाटावर उतरायचा होता. त्या दिवशी वल्लरी जेवली नाही. चैतालीही जेवली नाही, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणून यंदा चैताली म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं कशाला दगदग करता? मी ऑर्डर देते ना. साध्या पिशवीत आणते."

"ऑर्डर द्यायला आम्ही काय मेलोय?" श्यामसुंदरराव म्हणाले. त्यांना हल्ली एक गोष्ट टोचत होती. जो भेटेल तो आमोदला म्हणे, "आईवडील जवळ आहेत, मोठी सोय आहे बुवा तुमची." सोय! सोय म्हणजे जिन्याचा कठडा. धरायला लागतो तेव्हा धरतात, एरवी त्यावर पायपुसणी वाळत घालतात. नातीनं स्वतः होऊन काही मागितलं होतं, आणि ते कंपनीच्या बसमधून येणाऱ्याला जमणारं नव्हतं. ही खिरापत फसली असती तर त्यांना स्वतःचंच तोंड बघवलं नसतं.

बेडरूमचं दार लावून, रेडिओ मोठा करून बैठक झाली. आजी, आजोबा आणि वल्लरी. वाटली डाळ बाद, कारण मुली पहिलं नाव तेच घेतात. घारगे, मुटके, कडबोळी बाद, कारण त्यांचा डब्यात आवाज होतो. शेवटी सुहासिनीबाईंनी खांडवी सुचवली. तांदळाची कणी तुपात भाजायची, गुळाच्या पाण्यात शिजवायची, आलं-खोबरं घालायचं, थापायचं, वड्या पाडायच्या. हल्लीच्या पोरींनी नावही ऐकलेलं नसणार. श्यामसुंदररावांनी ठराव मंजूर केला आणि यापुढे घरात त्या पदार्थाचं नाव घ्यायचं नाही, फक्त 'विषय' म्हणायचं, असा हुकूम काढला. दुसऱ्या दिवशी वल्लरीनं सकाळी विचारलं, "आजोबा, विषयाला आलं आणलंत का?" तेव्हा आमोदनं पेपरातून डोकं वर काढून वडिलांकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं.

खरं सांगायचं तर श्यामसुंदररावांच्या तोंडात तीळ भिजत नसे. सरकारनं त्यांना गोपनीय शाखेत ठेवलं ते बहुधा तिथे सांगायला कोणी नसायचं म्हणून. दुसऱ्याच दिवशी फिरताना त्यांनी समोरच्या फ्लॅटमधल्या महिपतरावांना थांबवलं आणि इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "एक तात्त्विक प्रश्न आहे. समजा, केवळ समजा, एखाद्याला खांडवी करायची आहे. तर वास किती मजल्यांपर्यंत जाईल?"

महिपतराव बँकेतून निवृत्त झालेले. सल्ला मागितला की फार सुखावत. "दोन मजले वर, एक खाली," ते म्हणाले. "पण खाली यमुनाबाई आहेत. त्यांचं नाक धरा तीन मजल्यांचं. वासावर वास घाला."

"हे आपल्या दोघांतच राहू दे हं."

"छे छे, म्हणजे काय!" महिपतराव म्हणाले. ते तसे शब्दाचे पक्के. त्यांनी फक्त बायकोला सांगितलं, आणि बायकोनं फक्त यमुनाबाईंना.

आता राहिला गूळ. कणी त्यांनी खबरदारी म्हणून थेट मंडईतून आणली, बसनं, डोळ्यांवर गॉगल लावून. परतताना पाय दुखले, म्हणून गूळ मात्र कोपऱ्यावरच्या रंगनाथकडून घ्यायचं ठरवलं. काउंटरवर ओणवं होऊन ते कुजबुजले, "रंगनाथ, गुळाची ढेप दे. पिशवीतून दिसता कामा नये. आणि आमच्या घरी कोणाला बोलू नकोस, सुनेला तर मुळीच नाही."

रंगनाथनं गूळ दिला, पण त्याला फार वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत सोसायटीत पक्की बातमी झाली की बेहेरेकाकांना साखरेचा आजार आहे, घरचे गोड देत नाहीत, म्हणून बिचारे लपूनछपून गूळ खातात. लोक सल्ले द्यायला येऊ लागले. महिपतरावांनी कारल्याचा रस आणून स्वतः समोर उभं राहून पाजला. मागच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंनी जांभळाच्या बियांची पूड पाठवली. जिन्यात भेटलेला प्रत्येक जण त्यांच्या पायांकडे बघून "मुंग्या येतात का हो?" असं विचारू लागला.

चैताली घरी आली ती घाबरीघुबरी होऊन. "बाबा, इतके दिवस सांगितलं नाहीत? आमोद, हे बघ, कपाटात टॉवेलांच्या मागे अख्खी ढेप आहे!"

आता काय बोलावं? ढेप कशासाठी हे सांगावं तर विषय फुटतो. आमोद रागावला की आधी फोन फिरवतो. त्यानं दोन दिवसांनी सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायला माणूस बोलावला. खुर्चीवर बाही सरकवून बसलेल्या श्यामसुंदररावांनी एकदाच वल्लरीकडे पाहिलं. ती दाराआडून ओठांवर बोट ठेवून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी हात पुढे केला. पुढे खाऊन दोन तासांनी पुन्हा केला. राष्ट्रासाठी रक्त सांडणारे पुष्कळ झाले. खिरापतीसाठी ते दोनदा सांडणारा माणूस निदान कर्वेनगरात तरी दुसरा नसावा.

"शुगर तर नॉर्मल आहे!" रिपोर्ट बघून आमोद चक्रावला. "मग गूळ कशाला लपवता?"

"आहे काहीतरी," श्यामसुंदरराव म्हणाले. हे उत्तर समाधानकारक नव्हतं हे त्यांनाही कळत होतं. आमोदनं खबरदारी म्हणून ढेप उचलली आणि धुणंभांडी करणाऱ्या कांताबाईंना देऊन टाकली. कांताबाई दुसऱ्या दिवशी गुळाच्या पोळ्या घेऊन आल्या. त्या फार छान झाल्या होत्या, पण श्यामसुंदररावांना कोणी दिल्या नाहीत.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी दिगंबर लिमये उगवले. गेल्या वर्षी भोंडल्यानंतर पार्किंगमध्ये पातळ काहीतरी सांडून मुंग्या लागल्या होत्या. म्हणून कमिटीनं ठरवलं होतं की पदार्थाचं नाव आधी कळवल्याशिवाय पार्किंग मिळणार नाही.

"नाव सांगता येणार नाही. गोपनीय आहे," श्यामसुंदरराव म्हणाले.

"मग पार्किंगही देता येणार नाही. नियम आहे."

"लिमये, मी आयुष्यभर यापेक्षा मोठी माणसं परत पाठवली आहेत."

"पाठवली असतील. त्यांच्याकडे पार्किंगच्या चाव्या नव्हत्या."

बराच वेळ वाटाघाटी झाल्या. शेवटी नाव न सांगता फक्त स्वरूप सांगायचं, असं ठरलं. संध्याकाळी फळ्यावर लिमयांच्या वळणदार अक्षरात सूचना लागली: 'मंगळवार. भोंडला, बेहेरे. खिरापतीचे स्वरूप: घन. अधिक चौकशी करू नये.' मुली फळ्यासमोर उभ्या राहून 'घन, घन' असं पुटपुटत होत्या. सोसायटीत घनतेवर इतका विचार शाळेतल्या शास्त्राच्या तासालाही झाला नसेल.

मंगळवारी दुपारी आमोद-चैताली कामावर गेलेले. सुहासिनीबाईंनी पदर खोचला आणि कणी तुपात भाजायला घेतली. वास सुटल्याबरोबर श्यामसुंदररावांना तळमजल्यावरचं नाक आठवलं. वासावर वास! त्यांनी दुसऱ्या शेगडीवर पळीत तेल तापवलं, मोहरी टाकली, हिंग टाकला, लसूण टाकला, आणि कामात कसूर नको म्हणून मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या.

पुढचा काही वेळ घरात कोणाला काही दिसलं नाही. वल्लरी डोळे चोळत गॅलरीत पळाली, तिच्यामागे सुहासिनीबाई. खालून यमुनाबाईंच्या शिंका ऐकू आल्या. वरच्या मजल्यावरून कोणीतरी आगीचा बंब बोलवायचा का, असं विचारलं. श्यामसुंदरराव मात्र जागा सोडून हलले नाहीत. नाकाला टॉवेल बांधून एकटे कणी ढवळत राहिले. ते धुरात ज्या पळीनं ढवळत होते ती मिरच्यांच्या फोडणीतली होती, हे त्यांना पुष्कळ उशिरा कळलं.

शिवाय मिश्रण फार पातळ वाटलं. कणी आणखी हवी. चैतालीचं स्वयंपाकघर नव्या पद्धतीचं, सगळे डबे एकाच मापाचे, एकाच रंगाचे. डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यांनी एक डबा उघडला, पांढरं दिसलं ते ओतलं. मिश्रण एकदम घट्ट झालं. म्हणून त्यांनी पाणी घातलं. मग सुहासिनीबाई परत आल्या आणि ते टॉवेल सोडायला मोरीत गेले. गूळ नाही, म्हणून बाईंनी फ्रीजमधला खजूर वाटून घातला. मग पातळ दिसलं म्हणून केळी कुस्करून घातली. नवऱ्याला उगीच काळजी नको म्हणून यातलं काही त्या बोलल्या नाहीत. बायकोला उगीच काळजी नको म्हणून तेही बोलले नाहीत. इतकी वर्षं संसार झाला तो याच पद्धतीनं, आणि एरवी ती पद्धत वाईट नाही.

पदार्थ ताटात ओतला तेव्हा तो थापला जाईना. वड्या पाडायला गेलं की सुरीच्या मागे पुन्हा एक होई.

"अहो, यात तुम्ही काय घातलंत?"

"मी? काही नाही. थोडंसं."

"थोडंसं काय?"

"पांढरं."

सुहासिनीबाई मटकन स्टुलावर बसल्या. "आणि तू?" श्यामसुंदररावांनी विचारलं.

"मी खजूर. मग केळी. मग..." त्या थांबल्या. "जाऊ दे. आता बोलून काय उपयोग?"

खाली पार्किंगमध्ये पाट मांडल्याचा आवाज आला. दुसरं काही करायला वेळ नव्हता, म्हणून ताटातलं सगळं खरवडून डब्यात भरलं. वल्लरी नवा परकर-पोलका घालून, केसांत गजरा माळून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिनं डब्यात वाकून पाहिलं. तपकिरी, चकचकीत, मधूनच एखादा मिरचीचा तुकडा.

"आजी, हे काय आहे?"

"मला माहीत नाही गं बाळा," सुहासिनीबाई म्हणाल्या. त्यांनी आयुष्यात कधी असं म्हटलं नव्हतं, निदान स्वयंपाकघरात तरी.

श्यामसुंदररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक काम. पोरीनं विश्वासानं एक काम सांगितलं होतं. बर्गर तरी निदान बर्गर होता! "मी खाली जातो," ते म्हणाले. "सगळ्यांना सांगतो की चूक माझी आहे."

वल्लरीनं बोट बुडवून चाटलं. मग डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं फक्त माझ्या शेजारी उभे राहा. आणि काही बोलू नका. आजोबा, तुम्ही तर अजिबात नाही."

गाणी झाली, फेर झाले. यमुनाबाई खुर्ची टाकून पहिल्या रांगेत, नाक अजून लाल. अक्षताच्या चेहऱ्यावर तर अगदी पेपर फुटलेल्या विद्यार्थिनीचं हसू होतं. तिनं डबा कानाशी धरलासुद्धा नाही. हात कमरेवर ठेवून म्हणाली, "खांडवी!"

श्यामसुंदररावांनी महिपतरावांकडे पाहिलं. महिपतराव आकाशाकडे बघू लागले.

"चूक," वल्लरी म्हणाली.

"असं कसं चूक? खांडवीच आहे! सगळ्यांना माहितेय!"

"मग उघडून बघ."

झाकण उघडलं. अक्षतानं पाहिलं. यमुनाबाई उठून आल्या, त्यांनी पाहिलं. ज्या बाईंनी आयुष्यात शेकडो खांडव्या केल्या त्यांना मान्य करावं लागलं की ही खांडवी नव्हे. मग मुली सरसावल्या. शिरा? चूक. हलवा? चूक. सांजा? फणसाचं काहीतरी? चॉकलेट? चूक, चूक, चूक.

"गोड की तिखट?" कोणीतरी रडकुंडीला येऊन विचारलं.

वल्लरीनं आजोबांकडे पाहिलं. न बोलण्याचा हुकूम असल्यामुळे त्यांनी दोन्ही बाजूंना मान हलवली.

"हो," वल्लरी म्हणाली.

मुलींच्या आयांनी प्रयत्न केले. लिमयांनी पुढे येऊन डबा तिरका केला आणि त्रासिक आवाजात म्हणाले, "बेहेरे, हे घन नाही."

"द्रवही नाही," श्यामसुंदरराव म्हणाले. एवढं बोलल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

अखेर "हरलो, हरलो" झालं. यमुनाबाईंनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, उघडले. "सुहासिनीताई, आता तरी सांगा. नाव काय याचं?"

सुहासिनीबाईंनी पदराचं टोक हातात धरलं. श्यामसुंदररावांनी घसा साफ केला. त्यांना खोटं नाव सांगता येत नव्हतं आणि खरं माहीत नव्हतं.

"नावच नाहीये," वल्लरी शांतपणे म्हणाली. "आमच्याकडे आजच झालं. म्हणून तर कोणाला ओळखता आलं नाही."

"लबाडी!" अक्षता म्हणाली, पण तोवर ती दुसऱ्यांदा वाढून घेत होती. आणि गंमत म्हणजे ते लागत छान होतं. आधी गोड, मग मागून हळूच मिरची. पोरी हाय हाय करत खात होत्या आणि पुन्हा हात पुढे करत होत्या. यमुनाबाईंनी कृती विचारली तेव्हा नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. एवढ्यात कंपनीची बस येऊन चैताली आणि आमोद फाटकातून आत शिरले. चैतालीच्या हातात एक साधी, नाव नसलेली पिशवी होती. लेकीचा चेहरा पाहिल्याबरोबर तिनं ती गुपचूप पर्समध्ये सारली.

"आई, नाही ओळखली! कोणालाच नाही!" वल्लरी धावत आली आणि तिला बिलगली. मग गुळाची, गॉगलची, रक्ताची सगळी कहाणी एका दमात बाहेर पडली. आमोद वडिलांच्या शेजारी येऊन उभा राहिला. "बाबा, दोनदा सुई टोचून घेतलीत? अहो, मला सांगायचं होतं!"

"तू बैठकीत नव्हतास," श्यामसुंदरराव म्हणाले.

चैतालीनं चमचाभर चाखलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं मिरचीचं, सगळं नाही. तिनं लेकीला जवळ ओढलं. "पुढच्या वर्षी मी रजाच टाकते. नक्की. आपण दोघी मिळून करू या हं खिरापत."

श्यामसुंदरराव एक पाऊल मागे सरकले. बरोबरच होतं म्हणा. आई ती आई. तिचा हक्क पहिला. "हो हो, अवश्य," ते म्हणायला लागले. "आमचं काय, आम्ही आपले..."

"नको आई," वल्लरी वाटी चाटत म्हणाली. "तुला सगळं नीट येतं. नीट केलं की लगेच ओळखतात. तू रजा टाक आणि माझ्याबरोबर फेर धर. खिरापत आजी-आजोबांचीच."

एवढं बोलून ती मैत्रिणींत पळाली. आमोदला हसू आवरेना, आणि त्याच्यामागोमाग चैतालीलाही. श्यामसुंदरराव मात्र गंभीर होते. ते बायकोच्या कानाशी वाकले.

"अगं, ही स्तुतीच होती ना आपली?"

सुहासिनीबाईंनी पदरानं डोळे टिपले, नाक ओढलं.

"तसंच धरून चाला," त्या म्हणाल्या.